पायाच्या आगीची गोळी आणि छातीतली वाढ

प्रश्न : डॉक्टरभाऊ, मी अमळनेर तालुक्यातला, वय ५८, कापूस न् दादर ज्वारी लावतो. शुगर जुनी आहे, रात्री तळपायाला निखारे लावल्यासारखी आग व्हायची म्हणून सहा महिन्यांपूर्वी अमिट्रिप्टिलीन १० चालू केली, झोप तरी लागते आता. हार्ट कमजोर आहे म्हणून स्पायरोनोलॅक्टोन २५ पण वर्षभर चालू आहे. तीन महिन्यांपासून छातीच्या दोन्ही बोंड्यांखाली चकतीसारखं वाढलंय, शर्ट घासला तरी दुखतं. आखाजीला सगळे हौदावर उघडे अंघोळ करत होते, मी बनियन काढलंच नाही. पोरानं पत्रक वाचलं, त्यात अमिट्रिप्टिलीननं पुरुषांची छाती वाढते असं आहे म्हणे. बंद करू का?

उत्तर : दादा, आधी एक सांगतो, यात लाजायचं काहीच नाही, माझ्याकडे असे पुरुष येतात आणि बहुतेक जण वर्ष-दोन वर्षं लपवून मग येतात, तुम्ही तिसऱ्या महिन्यात विचारलं हे फार चांगलं केलं.

पोरानं वाचलं ते खरंय. ही ट्रायसायक्लिक गटातली, म्हणजे रेणूत तीन कडी असलेली डिप्रेशनची जुनी गोळी, १९६१ पासून वापरात आहे, नसांच्या दुखण्यावर कमी डोसमध्ये देतात. तिच्यानं पुरुषांची छाती वाढल्याच्या नोंदी आहेत, पण त्या तुरळक, एकेका पेशंटच्या. माझा संशय तुमच्या दुसऱ्या गोळीवर जास्त आहे. स्पायरोनोलॅक्टोन पुरुषी हार्मोनचं काम अडवते, मग इस्ट्रोजेनचं, म्हणजे बायकी हार्मोनचं, पारडं जड होतं न् बोंडीखालची ग्रंथी वाढते. १९९९ साली हार्ट फेल्युअरच्या पेशंटवर रेल्स नावाचा मोठा अभ्यास छापून आला, त्यात ही गोळी घेणाऱ्या पुरुषांत १० टक्क्यांना छाती वाढणं किंवा दुखणं झालं, औषध नसलेली नुसती खोटी गोळी घेणाऱ्यांत १ टक्क्याला. एवढा फरक अमिट्रिप्टिलीनच्या बाबतीत कुणी दाखवलेला नाही.

पण म्हणून दोन्हीपैकी एकही गोळी स्वतःहून सोडू नका हं, स्पायरोनोलॅक्टोन तुमच्या हृदयाला सांभाळतेय, आणि अमिट्रिप्टिलीन एकदम तोडली तर मळमळ, डोकेदुखी, बेचैनी होते. हार्टच्या डॉक्टरांना दाखवा, इप्लेरेनोन नावाची बदली गोळी आहे, तिच्यानं हा त्रास खूपच कमी होतो. त्यांना अमिट्रिप्टिलीनचंही सांगा, हृदयाच्या माणसाला ती जपून द्यावी लागते, ईसीजी बघतील. पोट सुटल्यामुळे नुसती चरबी आहे की ग्रंथी हे ते बोटांनी दाबून सांगतील, लिव्हर न् हार्मोनच्या तपासण्याही लावतील.

एकाच बाजूला दगडासारखी कडक गाठ, बोंडी आत ओढलेली, किंवा रक्त येणं, यातलं काही दिसलं तर मात्र त्याच आठवड्यात सर्जनला दाखवा, पुरुषांनाही स्तनाचा कॅन्सर होतो. तुमच्या वर्णनात तसं काही दिसत नाही. कारण काढलं की ताजी वाढ काही महिन्यांत उतरते, वर्ष उलटलं की ती घट्ट होऊन बसते. म्हणून या आठवड्यातच सगळ्या स्ट्रिपा एका पिशवीत घालून जा, शुगरच्या गोळ्यांसकट.