डिझाइनच्या पहिल्या वर्षाला: पेन्सिल, टेप आणि लॅपटॉप

बारावीनंतर आर्किटेक्चर, इंटिरियर किंवा प्रॉडक्ट डिझाइनला गेलेल्या खान्देशातल्या मुलामुलींचे आणि त्यांच्या पालकांचे बरेच प्रश्न आले. हात चालत नाही आणि वर कॉम्प्युटरही शिकायचाय, ही काळजी जवळपास सगळ्यांचीच. त्यातल्या काहींना इथे उत्तरं देत आहे.

चित्रकलेच्या एलिमेंटरी, इंटरमिजिएट दोन्ही परीक्षा चांगल्या ग्रेडने पास झाले. तरी कॉलेजात पट्टीशिवाय रेघा काढायला सांगितल्या तेव्हा माझी एकही रेघ सरळ आली नाही. वर्गातली बरीच मुलं क्लास लावून आली आहेत. मी मागे पडेन का?
– विद्यार्थिनी, अमळनेर

नाही पडणार. स्थिरचित्र आणि कर्तव्य भूमिती केलेली मुलगी कोऱ्या पाटीने येत नाही. फक्त त्या परीक्षांत रंग आणि छटा यांकडे लक्ष असतं, नुसत्या रेघेचा सराव होत नाही.

मनगट कागदावर टेकलं की पेन्सिलीचं टोक त्याच्याभोवती फिरतं, म्हणून लांब रेघ वळणारच. मनगट उचल, हात खांद्यातून हलव. कागदावर एक हात अंतरावर दोन ठिपके दे. पेन्सिल न टेकवता हात दोन-तीनदा ठिपक्यांवरून नेऊन बघ, मग एका दमात रेघ ओढ. नजर शेवटच्या ठिपक्यावर ठेव, पेन्सिलीच्या टोकावर नको. चुकली तर खोडू नकोस, शेजारी दुसरी काढ. त्यासाठी महागडं स्केचबुक लागत नाही, पाठकोरे कागद पुरतात. रोज वीस मिनिटं केलंस तर महिन्याभरात फरक दिसेल.

रेघांनी कंटाळलीस की घरातला तांब्या समोर ठेव. आधी डोळ्याच्या पातळीवर, मग हळूहळू खाली. डोळ्यासमोर असताना त्याचा काठ नुसती आडवी रेघ दिसतो, खाली नेशील तसा लंबगोल उघडत जातो. म्हणून एकाच तांब्यात तळाचा लंबगोल काठापेक्षा जास्त उघडा हवा. बहुतेक जण उलटं काढतात, कारण तांब्या सपाट जागेवर बसतो हे त्यांना माहीत असतं आणि ते तळाला सरळ रेघ मारून मोकळे होतात. जे माहीत आहे ते बाजूला ठेवून जे दिसतंय ते काढायचं, पहिल्या वर्षाचं खरं शिक्षण हेच. क्लास लावून आलेल्यांनाही ते नव्यानं शिकावं लागतं.

मुलाला डिझाइनला प्रवेश मिळाला आहे. दुकानदार म्हणतो, भारीतला लॅपटॉप आणि पेन टॅबलेट (पेनानं काढलेलं लॅपटॉपवर उमटवणारी पाटी) आताच घ्या. केळीचे पैसे हातात आहेत, पण इतका खर्च लगेच करावा का?
– पालक, चोपडा

थोडं थांबा. पुष्कळ कॉलेजांत पहिल्या सत्राचं बरंचसं काम हातानंच असतं. पुढे कोणतं सॉफ्टवेअर शिकवणार ते कॉलेजला विचारा आणि मगच घ्या. घेताना 16 जीबी रॅम, एसएसडी आणि वेगळं ग्राफिक्स कार्ड एवढं पाहा. आर्किटेक्चर असेल तर विंडोजचाच घ्या, कारण इमारतींच्या आराखड्यांचं रेव्हिट हे सॉफ्टवेअर विंडोजवरच चालतं.

सॉफ्टवेअरवर मात्र आत्ता पैसे घालू नका. चित्रासाठी क्रिटा, रेखाकामासाठी इंकस्केप आणि त्रिमितीसाठी ब्लेंडर ही कायदेशीररीत्या मोफत आहेत. मापात नकाशे काढायचं ऑटोकॅडही विद्यार्थ्यांना शिक्षणापुरतं मोफत मिळतं. 'क्रॅक' करून देतो म्हणणाऱ्याला पैसे देण्याची काहीच गरज नाही. पेन टॅबलेट घ्यायचाच झाला तर पडदा नसलेला साधा चालतो. हात खाली आणि नजर वर, याची सवय व्हायला काही आठवडे जातात, एवढं मुलाला आधीच सांगून ठेवा.

फोटो बघून रस्ता काढला तर पर्स्पेक्टिव्ह (लांबचं लहान होत जाणं) बरोबर येतं. गल्लीत उभं राहून काढलं की घरं पडल्यासारखी दिसतात. असं का?
– विद्यार्थी, धुळे

कारण फोटोत तुझं अर्धं काम कॅमेऱ्यानं केलेलं असतं. तू राहतोस ते शहर या अभ्यासाला फार चांगलं आहे. जुन्या धुळ्यातल्या नंबरच्या गल्ल्या सरळ आहेत. कोणत्याही गल्लीच्या तोंडाशी उभा राहा आणि घर काढण्याआधी कागदावर एक आडवी रेघ मार. ती तुझ्या डोळ्यांची पातळी. तिच्या वरचं सगळं, म्हणजे छज्जे, दुकानांच्या पाट्या, दूर जाताना या रेघेकडे उतरतं. खालचं, म्हणजे ओटे आणि गटारीच्या कडा, तिच्याकडे चढतं. सपाट रस्त्यावर तुझ्याच उंचीची माणसं जवळ असोत की लांब, त्यांचे डोळे याच रेघेवर येतात. पाय तेवढे वरखाली होतात. हे एकदा जमलं की घरं पडत नाहीत.

फोटोवर फार विसंबू नकोस. मोबाइलची मुख्य लेन्स रुंद कोनाची असते, त्यामुळे जवळचं अवाजवी मोठं दिसतं. फोन वर कलवला तर उभ्या भिंती आत झुकतात. घ्यायचाच असेल तर मागे सरक, दुप्पट झूम कर आणि फोन उभा सरळ धर. आणि सकाळीच जा. एप्रिल-मेच्या दुपारी आपल्याकडे ऊन सोसवत नाही, शिवाय सूर्य डोक्यावर आला की सावल्या आखडतात आणि भिंतींची खोली दिसेनाशी होते.

ऑटोकॅडमध्ये प्लॅन केला, मापं सगळी बरोबर. मॅडम म्हणाल्या, 'कळत नाही काय आहे.' नेमकं काय करायचं?
– विद्यार्थिनी, पारोळा

तुझ्या सगळ्या रेघा एकाच जाडीच्या असणार. प्लॅन म्हणजे घर जमिनीपासून साधारण 1.2 मीटर उंचीवर आडवं कापून वरून पाहणं. जे कापलं गेलं, म्हणजे भिंती आणि खांब, त्याची रेघ सर्वांत जाड, समज 0.5 मिमी. जे खाली दिसतं, जसं ओटा, पायऱ्या, त्याला 0.25. फरशीच्या रेघांना 0.13 किंवा 0.18. प्रत्येकाचा लेअर, म्हणजे ड्रॉइंगमधला थर, वेगळा ठेव. ऑटोकॅडमध्ये काढायचं खऱ्या मापात, प्रमाण ठरवायचं छापताना.

पण मला वाटतं, अडचण रेघेच्याही आधीची आहे. पडद्यावर हवं तेवढं मोठं करता येतं, त्यामुळे वस्तू खरी केवढी आहे याचं भान सुटतं. त्यावर माझ्याकडे एकच उपाय आहे: टेप घेऊन एक खरं घर मोज. पारोळ्यात आणि आसपासच्या खेड्यांत अजून धाब्याची घरं उभी आहेत. मातीच्या जाड भिंती, लाकडी खांब-तुळया आणि वर मातीचं सपाट धाबं. एखाद्या आजींची परवानगी घे, सोबत मैत्रीण घे, एकीनं टेप धरायचा, दुसरीनं कच्च्या आकृतीवर मापं लिहायची. प्रत्येक खोलीचे दोन्ही कर्णसुद्धा मोज. जुन्या घराचे कोपरे काटकोनात नसतात आणि कर्ण घेतले नाहीत तर ते घरी परतल्यावर कळतं.

मग ते 1:50 ला, म्हणजे खऱ्याच्या पन्नासाव्या भागाइतकं, हातानं उतरव. दोन फुटांची मातीची भिंत कागदावर 12 मिमी येते, नऊ इंची विटेची 5 मिमीच्याही आत. तो फरक स्वतःच्या हातानं काढलास की ते घर उन्हाळ्यात गार का राहतं, हे ड्रॉइंगमध्ये दिसायला लागतं. उभा छेदही, म्हणजे घर वरून खाली कापल्यावर जे दिसेल ते, काढ, त्यात धाब्याचे थर दाखव: तुळई, तिच्यावरच्या लाकडी कड्या, फळ्या, माती. हे झाल्यावरच ऑटोकॅड उघड. प्रत्येक रेघ कशाची आहे हे तुला माहीत असेल, आणि मॅडमना ते कागदावर कळेल. ही घरं भराभर पाडली जाताहेत, म्हणून तुझ्या वहीतलं मोजमाप नुसता गृहपाठ नाही, याचीही जाणीव असू दे.

आमच्याकडे आर्ट गॅलऱ्या नाहीत. बघायचं काय?
– विद्यार्थी, भडगाव

चाळीसगाव तुझ्या जवळ आहे. तिथे छायाचित्रकार केकी मूस (1912–1989) यांचं घर आता कलादालन आहे. वर्षानुवर्षं घराबाहेर न पडता त्यांनी टेबलावर छोट्या वस्तू मांडून, प्रकाश नेमका टाकून दृश्यं उभी केली आणि त्यांचे फोटो काढले. खरा प्रदेश असावा असं वाटतं. इमारतीच्या मॉडेलचे, म्हणजे छोट्या प्रतिकृतीचे, फोटो काढणाऱ्यानं ते बघायलाच हवेत. तुझं मॉडेल 1:50 चं असेल तर माणसाचा डोळा जमिनीपासून साधारण 3 सेंटीमीटरवर येतो. लेन्स तिथवर खाली ने.

आणि अजिंठा जळगावहून साठेक किलोमीटर. 1872 पासून मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमधले शिक्षक जॉन ग्रिफिथ्स यांनी तिथल्या विद्यार्थ्यांना घेऊन अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या नकला केल्या, ते काम 1885 पर्यंत चाललं. तूही 17 क्रमांकाच्या लेण्यात एकाच चित्रासमोर मिळेल तेवढा वेळ थांब आणि फक्त बाह्यरेषा उतरव. सगळी लेणी एका दिवसात उरकू नकोस.

हाताचं ड्रॉइंग फोनवर टिपून मोठं छापलं तर फुटतं.
– विद्यार्थी, नंदुरबार

पिक्सेल कमी पडतात. 300 डीपीआयला (एका इंचात 300 ठिपके) ए4 साठी 2480 × 3508 पिक्सेल लागतात, ए2 साठी दोन्ही बाजूंना दुप्पट, म्हणजे एकूण चौपट. स्कॅनरवर ए4 ड्रॉइंग 600 डीपीआयला घे, ए2 पर्यंत नीट छापलं जाईल. व्हॉट्सॲपवर नेहमीसारखा फोटो पाठवून छापायला देऊ नकोस, तिथे तो आकसतो. फाइल 'डॉक्युमेंट' म्हणून पाठव किंवा पेनड्राइव्हवर ने.