आंबा बागेचा हिशोब एक्सेलमध्येच ठेवावा की डेटाबेस करावा?

तुम्ही लिहिलंय की राजापूरकडे तुमची सव्वाशे कलमं आहेत, शेजारच्या दोन बागा खंडाने घेतल्यात, सगळा हिशोब एका एक्सेल फाइलमध्ये आहे आणि कॉम्प्युटर शिकणारा भाचा म्हणतो, "मामा, याला डेटाबेसच हवा." आमची बाग पावसजवळ. सात-आठ वर्षं मी हाच हिशोब एक्सेलमध्ये ठेवला. नंतर त्यातला एक भाग डेटाबेसमध्ये नेला, बाकीचा एक्सेलमध्येच राहिला. कोणता भाग आणि का, ते सांगतो.

आमच्या आजोबांची दोन लिखाणं वेगळी असत. एक लाल बांधणीची किर्द. आज कोणाला किती दिले, कोणाकडून किती आले, त्याची एक ओळ. लिहिली की ती खोडायची नाही. त्यावरून नावनिशी खतावणी, म्हणजे प्रत्येकाचं वेगळं खातं. दुसरं लिखाण जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर, पेन्सिलीने: पेटी या भावाने गेली तर फवारणीचे पैसे सुटतात का? नाही सुटत? खोडा, पुन्हा मांडा. डेटाबेस म्हणजे ती किर्द-खतावणी आणि एक्सेल म्हणजे तो पेन्सिलीचा कागद. आपण पेन्सिलीच्या कागदावर किर्द लिहायला लागलो, आणि सगळा घोळ तिथून सुरू होतो.

पेन्सिलीच्या कागदाला मी कमी लेखत नाही. १९७९ साली डॅन ब्रिकलिन आणि बॉब फ्रँकस्टन यांनी व्हिजिकॅल्क हे एक्सेलसारखंच सॉफ्टवेअर बाजारात आणलं ते याचसाठी: एक आकडा बदलला की त्यावर उभे असलेले सगळे आकडे आपोआप बदलावेत. खंडाची बाग घ्यायची की नाही हे मी आजही एक्सेलमध्येच बघतो. समजा ४०० पेट्या निघतील, पेटीमागे हातात १,२०० उरतील, म्हणजे ४,८०,००० रुपये. खंड, औषधं, राखण आणि तोडणी मिळून ४,१०,००० धरले. आता थ्रिप्स किडीमुळे पेट्या ३०० वर आल्या तर? एक आकडा बदलला, ७०,००० चा फायदा जाऊन ५०,००० चा तोटा समोर आला. (तोडणी थोडी कमी लागेल, ते तुम्ही धराच.) या कामाला डेटाबेस लावणं म्हणजे उगाच द्राविडी प्राणायाम.

गड्यांना आगाऊ दिलेल्या पैशांचा, म्हणजे उचलीचा, हिशोब मात्र एक्सेलमधून बाहेर काढा. आजच काढा.

आमच्याकडे काय झालं ते सांगतो. मे संपत आला होता, पावसाआधी गड्यांचा हिशोब चुकता करायचा होता. सर्वांत जास्त उचल कोणाची ते बघावं म्हणून मी रकमेचा रकाना निवडला आणि उतरत्या क्रमाने लावला. एक्सेलने विचारलं होतं, शेजारचे रकानेही सोबत हलवू का. घाईत मी न वाचता 'फक्त निवडलेला रकाना' हा पर्याय धरून बटण दाबलं. नावं जागच्या जागी राहिली, रकमा वरखाली झाल्या. खालची बेरीज तीच, एका रुपयाचाही फरक नाही, त्यामुळे शंकाच आली नाही. पडवीत बसून एकेकाला पैसे देत होतो. एका गड्याच्या नावापुढे ११,००० होते. तो बराच वेळ गप्प राहिला, मग खाली बघत म्हणाला, "दादा, येवढी उचल मी नाय घेतली हो." त्याने ३,५०० घेतले होते. आईने वहीत वेगळं लिहून ठेवलं होतं म्हणून निभावलं. दोन पावसाळे ओळखीचा माणूस, आणि मी त्याला खोटं पाडणार होतो. ते अजून मनाला लागतं.

डेटाबेसमध्ये ही चूक होत नाही, कारण तिथे पूर्ण ओळ हा एकच जिन्नस असतो. क्रम लावला तरी तो फक्त दाखवण्यापुरता, मूळ नोंद हलत नाही.

दुसरा त्रास पेट्यांचा. मिश्र पेटीसाठी डझनांच्या रकान्यात ५-६ लिहून बघा. एक्सेल त्याची ५ जून करतं. आणि तारीख ते १९०० सालापासूनचे दिवस मोजून ठेवतं, म्हणजे आत ४५ हजारांच्या वरचा आकडा बसतो आणि तो डझनांच्या बेरजेत शिरतो. उलट '४० पेट्या' असं लिहिलंत तर ते अक्षर धरलं जातं आणि बेरजेतून गुपचूप गळतं. हे फक्त आपल्यासारख्यांचं होतं असं नाही. मार्च१, सेप्ट१ अशा नावांच्या जनुकांच्या एक्सेल तारखा करायचं, म्हणून २०२० मध्ये नावं ठरवणाऱ्या शास्त्रज्ञांनी त्या जनुकांची नावंच बदलली.

भाचा बहुधा म्हणेल की डेटा वाढतोय म्हणून डेटाबेस हवा. ते कारण मला पटत नाही. एक्सेलच्या एका शीटमध्ये १०,४८,५७६ ओळी मावतात, आपला हंगाम काही हजारांत संपतो. खरे प्रश्न दोन: लिहिणारे हात किती, आणि एकच नाव किती ठिकाणी पुन्हा लिहावं लागतं. बागेत तुम्ही, पॅकिंगला वहिनी, वाशीच्या दलालाकडून आलेली पट्टी, म्हणजे विक्रीचा हिशोब, उतरवणारा मुलगा. तिघांनी एकाच दलालाचं नाव तीन तऱ्हांनी लिहिलं की त्याच्याकडची बाकी तीन तुकड्यांत दिसते.

म्हणून भाच्याला डेटाबेसमध्ये चार टेबलं (तक्ते) करायला सांगा: माणसं, उचल, पेट्या, पट्ट्या. माणसाचं नाव फक्त पहिल्यात, बाकी सगळीकडे त्याचा क्रमांक. यादीत नसलेला क्रमांक घेतलाच जाणार नाही, असा नियम घालायचा. लिबरऑफिस बेस हा डेटाबेसचा प्रोग्राम फुकट आहे, मी तेच वापरतो. भाचा एसक्यूलाइट हा दुसरा डेटाबेस घेणार असेल तर त्याला दोन गोष्टी बजावा: हा क्रमांक तपासण्याचा नियम त्यात मुळात बंद असतो, तो प्रत्येक वेळी चालू करावा लागतो, आणि रकमेच्या रकान्यात अक्षरं शिरू नयेत म्हणून टेबल 'स्ट्रिक्ट' करावं लागतं. हे राहिलं तर डेटाबेस असूनही '४० पेट्या' आत बसतील.

लिहिणारे तुम्ही एकटेच असाल तर सध्या एवढं खटलं नको. एक्सेलमध्येच उचलीचं वेगळं शीट करा, घटना तिथे एक ओळ, रकान्यात फक्त आकडा, नाव यादीतून निवडायचं, सेल जोडायचे नाहीत, मध्ये बेरजा घालायच्या नाहीत. पुढे कधी हलवायचं झालं तर ते शीट जसंच्या तसं टेबल होतं. आणि पैसे वाटायच्या आदल्या रात्री प्रत्येक गड्याला त्याच्या नोंदी तारखांसकट वाचून दाखवा. मी आता ते करतो, अर्धा तास लागतो.