फ्रॅजाइल एक्समध्ये एकच प्रोटीन नसतं, मग मेंदूत एवढा फरक कसा पडतो?

ताई, तुम्ही लिहिलंय की भाच्याच्या रिपोर्टमध्ये फ्रॅजाइल एक्स (मेंदूच्या वाढीवर परिणाम करणारा आनुवंशिक आजार) आलं, डॉक्टर म्हणाले एक प्रोटीन बनत नाही, तर एका प्रोटीनने एवढं काय होतं. मी पीएचडीला न्यूरॉन्सवर, म्हणजे मेंदूतल्या पेशींवरच काम केलंय, म्हणून जमेल तसं सांगते.

ते प्रोटीन एफएमआरपी, आणि त्याचं काम आरएनएला चिकटायचं. आपण बारावीला शिकतो की जीनची कॉपी म्हणजे मेसेंजर आरएनए निघतो आणि तो वाचून प्रोटीन बनतं, पण कॉपी निघाली की झालं असं नसतं हो, तिचे कुठले तुकडे जोडायचे, ती पेशीत कुठे न्यायची, कधी वाचायची, कधी नष्ट करायची हे अशी चिकटणारी प्रोटीन्स ठरवतात. उदाहरणार्थ न्यूरॉन व्हायच्या आधी पेशीत पीटीबीपी-१ असतं, ते न्यूरॉनला लागणारे बरेच तुकडे जोडूच देत नाही आणि स्वतःच्या भावंडाला, पीटीबीपी-२ ला, पण दाबून ठेवतं. मग मिर-१२४ नावाचा इवलासा आरएनए वाढतो, पीटीबीपी-१ कमी होतं, भावंड वर येतं, आणि त्याच जीन्सच्या कॉप्या वेगळ्या जोडल्या जायला लागतात. डीएनएचं एक अक्षरही बदललेलं नसतं!

आता एफएमआरपी. न्यूरॉनला लांब लांब फांद्या असतात, त्यांच्यावर हजारो सायनॅप्स (दोन न्यूरॉन्स एकमेकांना सिग्नल देतात ते सांधे), आणि प्रोटीन हवं असतं एखाद्याच सायनॅप्सला, आत्ता. म्हणून आरएनए आधीच फांदीत नेऊन ठेवतात, पण वाचू देत नाहीत. तो ब्रेक म्हणजे एफएमआरपी. सिग्नल आला की ब्रेक सुटतो, तिथल्या तिथे प्रोटीन बनतं, परत ब्रेक लागतो. असे शेकडो आरएनए ते सांभाळतं, त्यामुळे ते गेलं की शेकडो प्रोटीन्सचं वेळापत्रक कोलमडतं, आणि फांद्यांवरचे बारीक काटे, ज्यांच्यावर सायनॅप्स बसतात, ते लांब, बारीक, कच्चे राहतात. एका पेशंटमध्ये तर एफएमआरपी बनत होतं, फक्त आरएनए धरायच्या भागात एकच अमिनो आम्ल बदललेलं, तरी आजार फार तीव्र होता. म्हणजे सगळा खेळ आरएनए धरण्याचाच.

ब्रेक नाही तर निदान सिग्नल कमी करू, म्हणून तो सिग्नल पकडणारं एमग्लूआर-५ हे रिसेप्टर अडवणारी औषधं आली, उंदरांमध्ये सुंदर रिझल्ट, पण माणसांच्या मोठ्या ट्रायल्समध्ये फायदा दिसला नाही. मला ते फार लागलं होतं. पण स्पीच थेरपी, ऑक्युपेशनल थेरपी यांनी मदत होते, जितकी लवकर सुरू कराल तितकं बरं.

आणि ताई, तुम्ही विचारलं नाहीये तरी हे सांगते. एफएमआरपी बनवणारा जीन म्हणजे एफएमआर-१, तो एक्स गुणसूत्रावर असतो. त्यात सीजीजी ही डीएनएची तीन अक्षरं परत परत येतात, ४४ पर्यंत नॉर्मल, ५५ ते २०० असेल तर कॅरियर, २०० च्या वर गेली की जीन बंद. मुलग्याला एक्स गुणसूत्र आईकडूनच मिळतं, म्हणजे हा बदल तुमच्या बहिणीकडून आलाय, आणि यात तिची काडीचीही चूक नाही, हे तिला जवळ बसवून सांगा. तिला तो तुमच्या आईकडून किंवा वडिलांकडून आलेला असू शकतो, वडिलांकडून असेल तर त्यांच्या सगळ्या मुलींकडे येतो. म्हणून तुम्हीही जेनेटिक काउन्सेलरला भेटून ही टेस्ट करून घ्या, विशेषतः पुढे मूल हवं असेल तर आधीच.