मेश बारीक करू की नोकरी बदलू?

प्रश्न: मी मुलुंडला राहते. मेकॅनिकलमधून बी.ई. केलं, आता ऐरोलीच्या एका कंपनीत सीएईचं, म्हणजे संगणकावर पार्टची ताकद तपासण्याचं, काम करते. परदेशी गाड्यांचे पार्ट येतात. ते साफ करून मेश करायचे, म्हणजे एलिमेंट नावाच्या बारीक तुकड्यांत विभागायचे, हिशेबाचा रन लावायचा, रिपोर्ट पाठवायचा. सॉलिड मेकॅनिक्समध्ये पीएच.डी. करावीशी वाटते, विशेषतः मटेरियल मॉडेलिंगमध्ये. पण सगळं सॉफ्टवेअरच करतं, तर संशोधनाला उरलंय काय? घरचे म्हणतात, चांगली नोकरी आहे, आता लग्नाचं बघू.

उत्तर: लग्नाचं तुझं तू बघ, तो या सदराचा विषय नाही. सॉफ्टवेअरचं मात्र बोलू.

येत्या रविवारी एक काम कर. सॉफ्टवेअरमध्ये एल आकाराची पट्टी काढ, आतला कोपरा अगदी काटकोनात ठेव, फिलेट (गोलाई) देऊ नकोस. एक टोक धर, दुसरं ओढ आणि कोपऱ्यातला स्ट्रेस (दर क्षेत्रफळामागचं बल) लिहून ठेव. मग तिथले एलिमेंट निम्मे कर. पुन्हा निम्मे कर. दर खेपेला आकडा साधारण एक तृतीयांशाने वाढत जाईल आणि कुठेच थांबणार नाही, कारण इलॅस्टिसिटीच्या (लवचिकपणाच्या) समीकरणांनुसार त्या कोपऱ्यात स्ट्रेस अनंतच आहे. सॉफ्टवेअर हू की चू करत नाही, लाल ठिपका दाखवून मोकळं होतं. खरी पट्टी तिथे यील्ड होते, म्हणजे कायमची ताणली जाते, नाहीतर तडकते. केव्हा यील्ड होईल आणि केव्हा तडकेल, हे मेशला नाही, मटेरियलला विचारावं लागतं. तुझं संशोधन इथून सुरू होतं.

या अनंताला ग्रिफिथनं 1921 साली बगल दिली. त्यानं स्ट्रेस सोडून ऊर्जेचा हिशेब मांडला: तडा पुढे सरकला की साठलेली ऊर्जा सुटते, आणि नवे पृष्ठभाग तयार व्हायला ऊर्जा लागते. सुटणारी ऊर्जा लागणाऱ्या ऊर्जेला पुरली की तडा धावतो. काचेला हे चपखल बसलं. पोलाद मात्र तड्याच्या टोकाशी प्लास्टिक होऊन (कायमचा आकार बदलून) कितीतरी जास्त ऊर्जा गिळतं, आणि ती किती, हे धातूच्या आतल्या स्फटिक-दाण्यांवर, डिसलोकेशनवर (अणूंच्या रांगांमधल्या दोषांवर), तापमानावर ठरतं. ते आधीच सांगता येईल का? अजून मनासारखं नाही.

मग थेट अणूंपासूनच का सुरू करू नये? करतात. पण 100 नॅनोमीटर बाजूच्या तांब्याच्या ठोकळ्यातच सुमारे साडेआठ कोटी अणू असतात. वेळेची अडचण त्याहून मोठी. मॉलेक्युलर डायनॅमिक्समध्ये, म्हणजे अणूंची हालचाल पावलापावलानं काढण्याच्या पद्धतीत, एक पाऊल साधारण 1 फेम्टोसेकंदाचं. दहा लाख पावलं टाकली तेव्हा कुठे 1 नॅनोसेकंद (सेकंदाचा अब्जावा भाग) झाला. तेवढ्या वेळात नमुना 1 टक्का ताणायचा, तर तो वेग आपल्या युटीएमवरच्या (नमुना ओढून ताकद मोजणाऱ्या मशीनवरच्या) वेगाच्या अब्जावधी पट होतो. त्यातून आलेली ताकद उचलून तू गाडीच्या दरवाजाच्या मॉडेलमध्ये कशी घालणार? अणू, दाणा आणि पार्ट यांच्यामधली ही दरी कशी सांधायची, यावर अख्खी करिअर खपतात.

जुने प्रश्नही सुटलेले नाहीत. आम्लात बुडवलेलं लोखंड ठिसूळ होतं, हे जॉन्सन नावाच्या गृहस्थानं 1875 मध्ये नोंदवलं. हायड्रोजन आत शिरून नेमकं काय करतो यावर आजही तज्ज्ञांत भांडणं आहेत, आणि इकडे हायड्रोजन वाहून नेणाऱ्या पाइपलाइनच्या योजना निघाल्या आहेत. मी जन्मभर प्रेशर व्हेसलच्या (दाबाखालच्या टाक्यांच्या) धंद्यात होते, त्यामुळे या प्रश्नाकडे माझा कल जास्त आहे, हे ध्यानात ठेवून वाच.

मुलुंडकर आहेस, तर रूळ रोज दिसतातच. थंडीच्या पहाटे रुळाला तडा गेल्याची बातमी येते आणि आठ-पाचची लोकल रखडते. सलग वेल्ड केलेला रूळ आखडू शकत नाही. 60 किलोच्या (मीटरला 60 किलो वजनाच्या) रुळाचं तापमान 1 अंशानं उतरलं की त्यात जवळजवळ दोन टनांची ओढ येते. 20 अंशांनी उतरलं, की 37 टनांच्या आसपास. हा हिशेब बी.ई.वाल्याला येतो. पण चाकाखाली दबून रुळाच्या डोक्यात आधीच पडलेली बारीक चीर सरळ जाईल की खाली वळेल, हा पीएच.डी.चा प्रश्न.

आता व्यवहार. गेट परीक्षा दे. पवईच्या आयआयटीत हे काम मेकॅनिकल, एरोस्पेस, सिव्हिल आणि मेटलर्जी अशा चार विभागांत विखुरलेलं आहे. विभागाच्या पाटीपेक्षा गाइडचे अलीकडचे पेपर वाचून निवड. ट्रॉम्बेला बीएआरसीतही अणुभट्टीच्या भागांसाठी हेच काम चालतं. पैशाचं स्पष्ट सांगते: जेआरएफ (कनिष्ठ संशोधकाची फेलोशिप) 2023 पासून महिना 37,000, पुढे एसआरएफ (वरिष्ठ) झाल्यावर 42,000, घरभाडं वेगळं. तुझ्या पगाराशी ताडून बघ. पायथन आणि लिनक्स यायलाच हवं. लॅम्प्स (अणूंसाठी), कॅल्क्युलिक्स (मेशसाठी) ही सॉफ्टवेअर फुकट आहेत, घरच्या लॅपटॉपवर चालतात. सहा महिने त्यांच्याशी झटापट करून कंटाळा आला, तर नोकरी सोडू नकोस. तीही वाईट नाही.

प्रश्न: मुलाला मेकॅनिकल घ्यायचंय. एआय आल्यावर या सिम्युलेशनवाल्यांना कोण विचारणार? – एक पालक, गिरगाव

उत्तर: अणूंमधली बलं न्यूरल नेटवर्कनं काढायची पद्धत बेलर आणि पारिनेलो यांनी 2007 मध्ये दाखवली. आज ती सर्रास वापरतात, काम प्रचंड वेगानं होतं. पण जे शिकवलं नाही तिथेही ती छातीठोक आकडा देते, आणि तडा पडताना अणू नेमके अशाच न शिकवलेल्या जागी जातात. तो आकडा खोटा आहे हे ओळखणारा माणूस लागणारच. मुलाला मेकॅनिकल घेऊ द्या. गणित कच्चं असेल, तर आधी ते बघा.

प्रश्न: मी अंबरनाथला टेस्टिंग लॅबमध्ये आहे, डिप्लोमावाला. मॉडेलिंगवाले आमच्याकडून फक्त यील्ड आणि युटीएसचे (तुटण्याआधीच्या कमाल स्ट्रेसचे) आकडे मागतात. आम्ही आणखी काय द्यावं?

उत्तर: स्ट्रेस-स्ट्रेनचा (स्ट्रेन म्हणजे ताणलं जाण्याचं प्रमाण) संपूर्ण कर्व्ह द्या, नुसते दोन आकडे नकोत. नमुना रोलिंगच्या दिशेनं कापला की आडवा, ते लिहा. ताणण्याचा वेग लिहा. नमुन्यावर एक्स्टेन्सोमीटर (लांबीतला बदल मोजणारं उपकरण) लावला होता की क्रॉसहेडच्या (मशीनच्या सरकत्या दांड्याच्या) हालचालीवरून स्ट्रेन काढला, तेही लिहा, कारण दुसऱ्या प्रकारात मशीनचाच लवचिकपणा आकड्यात मिसळतो. आणि तुटलेले तुकडे निदान रिपोर्ट पास होईपर्यंत भंगारात टाकू नका.