तो कागद अजून तुझ्या पिशवीत आहे

प्रिय पोरी,

अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र परवा मिळालं. आठ पानं, आणि त्यातली सहा स्वतःला बोल लावण्यात गेलेली. पश्चिम नेपाळातल्या अछामच्या डोंगरात सहा महिने शिकवून आलीस आणि पहिल्याच ओळीत लिहितेस, ‘बाई, मी तिथे काहीच केलं नाही.’ पत्र मी दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा वाचताना सातव्या पानावरच्या एका ओळीपाशी अडले. ती तू जाता जाता लिहिलीयस. तिच्याबद्दल पुढे लिहिते.

निघण्यापूर्वी तू घरी आली होतीस, तेव्हा ओट्यावर बसून किती काय काय सांगत होतीस. मुलं इंग्रजी बोलायला लागतील, दहावीच्या एसईई परीक्षेचा निकाल सुधारेल, मुलींची गळती थांबेल. मी ऐकून घेतलं आणि गप्प बसले. तेव्हाच सांगायला हवं होतं की या सगळ्या तुझ्या मनातल्या गोष्टी आहेत, त्या गावाला अजून कुणी विचारलेलंच नाही. ते माझ्याकडून राहिलं.

आठवीतल्या मुली दर महिन्याला चार-पाच दिवस येत नाहीत म्हणून तू हजेरीत लाल शेरे मारत होतीस, आणि पाळीच्या त्या दिवसांत त्यांना घराबाहेरच्या छाउ गोठात, म्हणजे वेगळ्या खोपटात, झोपावं लागतं हे तुला दोन महिन्यांनी कळलं. याची तुला फार लाज वाटते. अगं, नेपाळने 2017 साली कायदा करून छाउपडी हा गुन्हा ठरवला, तरी ती प्रथा सगळीकडून गेलेली नाही. कायद्याला जे जमलं नाही ते तुला एका हिवाळ्यात कसं जमणार होतं? पण कळल्यावर तू ते शेरे खोडलेस, आणि बुडलेला धडा त्या मुलींना मधल्या सुट्टीत वेगळा शिकवलास. हे पत्रात तू दीड ओळीत उरकलंयस. मला विचारशील तर सहा महिन्यांतलं सगळ्यात चांगलं काम तेच.

आता माझं सांगते. हे मी आजवर कुणाला नीटसं सांगितलेलं नाही.

25 एप्रिल 2015 ला नेपाळात भूकंप झाला. शनिवार होता, तिथे शाळांना सुट्टी, म्हणून बरीच पोरं वाचली. नाहीतर काय झालं असतं याची कल्पना करवत नाही. तरी जवळजवळ नऊ हजार माणसं गेली. सगळ्यात जास्त सिंधुपाल्चोक जिल्ह्यात. उन्हाळ्याच्या सुट्टीला जोडून बिनपगारी रजा टाकली आणि मी तिकडे गेले. घरं बांधायची असं मनात धरून गेले होते. दगड-मातीच्या भिंती पार बसल्या होत्या, आणि दगड कसा बसवायचा हे मला कुठे येत होतं? पहिला आठवडा मी जस्ताचे पत्रे वाहिले. तळहात कापले. मग मीच तिथल्या बायकांवर ओझं होऊन बसले.

माझा खरा उपयोग झाला तो भलत्याच ठिकाणी. आम्ही ज्यांच्या अंगणात ताडपत्री लावून राहत होतो, त्या आमा (नेपाळीत आईला आमा म्हणतात) एकट्या होत्या. पुढे सरकारने घरासाठी तीन लाख नेपाळी रुपये ठरवले, तेही तीन हप्त्यांत. पण त्याच्या आधीपासूनच प्रत्येक मदतीला कागद लागत होता. नागरिकतेचा दाखला दाखवा, जमिनीचा लालपुर्जा, म्हणजे मालकीचा कागद, दाखवा. लिपी आपलीच, देवनागरी, त्यामुळे मला अक्षरं लागायची आणि अर्थ लागायचा नाही. आमांना अर्थ कळायचा, पण अक्षरं लागायची नाहीत. मी मोठ्याने वाचायचे, त्या समजून मला सांगायच्या, आणि मग मी त्यांच्यासोबत रांगेत उभी राहायचे. पाच आठवडे मी हेच केलं. शाळेतल्या सत्कारात मात्र लोकांनी ‘बाईंनी घरं उभारली’ असं सांगितलं आणि मी ते खोडून काढलं नाही.

निघताना आमांनी ढिगाऱ्यातून निघालेला नवऱ्याचा फोटो माझ्या हातात दिला. पाणी लागून अर्धा पुसला होता. मी म्हटलं, रत्नागिरीला नेते, नीट करून, मोठा करून पाठवते. आणि घरी आल्यावर तो कपाटात ठेवला. का? तर ‘आपण काहीच करू शकलो नाही’ या दुःखात मी इतकी बुडाले होते की तो फोटो डोळ्यांसमोर नको व्हायचा. तिथल्या माणसांशी फोनवर बोलणंही हळूहळू थांबवलं. तो फोटो 2017 मध्ये पाठवला, म्हणजे दोन वर्षांनी. पोचल्यावर शेजारच्या मुलाने फोन लावून दिला. आमा ओरडल्या नाहीत, रडल्या नाहीत. नवीन घर झाल्या दिवशीच भिंतीत खिळा मारून ठेवला होता, एवढंच सांगितलं त्यांनी. तो रिकामा खिळा मी पाहिलेला नाही, तरी मला तो अजून दिसतो.

म्हणून तुझ्या सातव्या पानावर माझी नजर खिळली. चौथीतल्या मुलाने बाबांना द्यायला घडी घातलेला कागद दिला, बाबा रत्नागिरीत मिरकरवाड्याला बोटीवर खलाशी आहेत, आणि ‘अजून जायला झालं नाही, कोणत्या तोंडाने जाऊ’ असं तू लिहितेस. पोरी, त्या मुलाने तुझ्याकडे निकाल मागितला नव्हता. त्याने हा कागद पोचवायला सांगितला होता.

आणि बघ, तू महाकाली ओलांडून, बनबसावरून ज्या वाटेने अछामला गेलीस त्याच वाटेने तिकडची माणसं पिढ्यान्‌पिढ्या इकडे येतात. 1950 च्या करारामुळे त्यांना इथे राहायला, काम करायला परवाना लागत नाही. आपल्या हापूसच्या बागा रात्री कोण राखतं? बोटीवर जाळं कोण ओढतं? आपण सगळ्यांना सरसकट ‘गुरखा’ नाहीतर ‘बहादूर’ म्हणून हाक मारतो. माझ्या माहेरच्या बागेत एक जण अकरा हंगाम राखणीला होता, त्याचं नाव मला नेपाळहून परत आल्यावर, विचारल्यावर कळलं. सेवा करायला परदेशी गेले आणि बागेतल्या माणसाचं नाव ठाऊक नव्हतं, याचं मला आजही वाईट वाटतं. तुला तर थोडी डोटेली, त्यांच्याकडची बोली, येते आता. त्या भाषेत बोलणारं रत्नागिरीत त्यांना किती जण भेटत असतील?

पुन्हा जायचं का, असं विचारतेस. जा की. पण आधी तिथल्या मुख्याध्यापकांना सरळ विचार, माझ्यामुळे काय सोपं झालं आणि काय अवघड झालं. वर्गाला तुझी सवय लागली आणि तू निघून आल्यावर तो तास रिकामा पडला, असंही ते सांगतील. ऐकून घे. आणि पुढच्या वेळी एकटीने वर्ग घेऊ नकोस, तिथल्या शिक्षिकेच्या जोडीने घे, म्हणजे तू निघून आलीस तरी तास चालू राहील. तुझ्या जाण्या-येण्याच्या आणि राहण्याच्या खर्चात गावातल्याच एखाद्या शिकलेल्या मुलीला किती महिने पगार देता आला असता, तो हिशेबही एकदा मांडून बघ. उत्तर काहीही येवो, ते माहीत असलेलं बरं. मुलांचे फोटो मात्र काढून टाक. फाटके स्वेटर घातलेली ती पोरं तुझ्या दुःखाची साक्ष द्यायला जन्मली नाहीत. ‘फेरि आउनुहुन्छ?’ म्हणजे ‘परत याल ना?’ असं त्यांनी विचारलं तेव्हा तू ‘येईन’ म्हणालीस, यावर तू पूर्ण पान खर्ची घातलंयस. नक्की नसेल तर तसं कळव. दर शनिवारी त्यांना सुट्टी असते, फोन लागतो. आपल्याहून पंधरा मिनिटं पुढे आहे त्यांचं घड्याळ, तेवढं लक्षात ठेव.

आता मे अर्धा सरला. 1 जूनपासून मासेमारी बंद होईल, बोटी वर ओढतील, आणि खलाशी गावाकडे निघतील. तो माणूस गेला तर घरी पोचल्यावर मुलगा पहिलं हेच विचारेल की कागद मिळाला का. शनिवारी संध्याकाळी मी मोकळी आहे. बोटीचं नाव त्या कागदावर असेल तर बघून ठेव, नसेल तर बापाचं नाव पुरेल, तांडेलांना, म्हणजे बोटींच्या प्रमुखांना, विचारू. लिलाव चालू असताना कुणी बोलणार नाही, तेव्हा थोड्या उशिरानेच निघू. आणि रबरी तळाच्या चपला घाल, जेट्टीवर निसरडं असतं.

तुझी,
बाई