नगरसेवकांचा ब्लॉग कसा वाचावा?

ठाणे आणि नवी मुंबईतून अलीकडे आलेल्या पत्रांमध्ये एक विषय पुन्हा पुन्हा येतो. लोकप्रतिनिधी ब्लॉगवर किंवा फेसबुकच्या पानावर स्वतःच्या नावाने लिहू लागले आहेत. त्या लेखनाला नागरिकांनी किती महत्त्व द्यावे? त्यांपैकी चार पत्रांना येथे उत्तरे देत आहोत.

प्रश्न : आमच्या प्रभागातील एक नगरसेवक नियमाने ब्लॉग लिहितात. भाषा चांगली असते, छायाचित्रेही असतात. परंतु वाचून झाल्यावर आमच्या रस्त्याचे आणि पाण्याचे नेमके काय होणार, ते कळत नाही. याला संवाद म्हणावे का? (एक वाचक, कासारवडवली, ठाणे)

उत्तर : एकट्यानेच बोलत राहणे म्हणजे संवाद नव्हे, हे आपले म्हणणे मान्य. तरीही हे लेखन टाकाऊ समजू नये, असे आम्हांला मनापासून वाटते. व्हॉट्सॲपचे स्टेटस २४ तासांत नाहीसे होते आणि सभेत दिलेला शब्द पुढे नाकारता येतो. ब्लॉगवरचा मजकूर मात्र तारखेसह राहतो आणि दोन वर्षांनी तोच समोर ठेवून जाब विचारता येतो. लालकृष्ण अडवाणी यांनी २००९ च्या लोकसभा निवडणुकीपूर्वी, ऐंशी ओलांडल्यावर ब्लॉग सुरू केला होता. मधल्या काळात तो थांबला. मग ४ एप्रिल २०१९ रोजी त्यांनी पुन्हा लिहिले आणि राजकीय मतभेद असणाऱ्यांना आपल्या पक्षाने कधी शत्रू किंवा देशविरोधी मानले नाही, असे नमूद केले. त्या मजकुराची देशभर चर्चा झाली, कारण तो त्यांच्याच शब्दांत, संपूर्ण आणि कोणालाही वाचता येईल असा उपलब्ध होता. अरुण जेटली अर्थमंत्री असताना फेसबुकवर दीर्घ लेख लिहीत. ते पटत नसणाऱ्यांनाही त्यांतील एकेक मुद्दा घेऊन प्रतिवाद करता येत असे, आणि नागरिकाच्या दृष्टीने ही फार मोठी सोय आहे.

आता आपल्या प्रभागाकडे येऊ. ‘माझ्या पाठपुराव्याला यश’ हा मथळा आपण वाचला असेलच. खाली नारळ वाढवतानाचे छायाचित्र असते, आणि ‘लवकरच कामाला सुरुवात होईल’ असे आश्वासन असते. अशा वेळी मजकुरात काय आहे यापेक्षा काय नाही ते पाहावे. महापालिकेच्या दप्तरी कामाचे नाव काय, रक्कम किती मंजूर झाली, कार्यादेश (काम सुरू करण्याचा लेखी आदेश) कोणत्या तारखेला दिला, ठेकेदार कोण, मुदत केव्हा संपते, आणि रस्ता उखडला तर तो ठेकेदाराने स्वखर्चाने दुरुस्त करून देण्याचा दोषदायित्व कालावधी किती, या गोष्टी त्यात असतील तर ते लेखन नागरिकांसाठी आहे. नसतील तर ती जाहिरात आहे. घोडबंदर रस्त्याच्या बाबतीत आणखी एक माहिती हवी. तेथे महापालिका, सार्वजनिक बांधकाम विभाग आणि मेट्रोचे काम करणारे एमएमआरडीए (मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरण) अशा अनेक यंत्रणांचा संबंध येत गेला. अमुक खड्डा कोणाच्या अखत्यारीत येतो, एवढे जरी आपल्या नगरसेवकांनी स्पष्ट लिहिले, तरी रहिवाशांचे कितीतरी हेलपाटे वाचतील.

बहुसदस्यीय प्रभागांमुळे ही गरज अधिकच वाढली आहे. ठाण्यात २०१७ मध्ये १३१ नगरसेवक ३३ प्रभागांतून निवडून आले, म्हणजे बहुतेक ठिकाणी चार-चार. एकाच गटाराच्या कामाचे श्रेय चौघेही घेतात आणि गटार तुंबले की जबाबदारी मात्र कोणाचीच नसते, हा अनुभव सार्वत्रिक आहे. म्हणून प्रतिक्रिया लिहिताना ‘रस्ता कधी होणार?’ असे विचारू नये. ‘कार्यादेशाची तारीख आणि मुदत कळवावी’ असे विचारावे. उत्तर आले नाही, तर माहिती अधिकाराचा मार्ग आहेच. नगरसेवक हे जन माहिती अधिकारी, म्हणजे या कायद्याखाली माहिती देण्यासाठी नेमलेले अधिकारी, नसतात, त्यामुळे अर्ज महापालिकेकडेच करावा लागतो. त्याचे शुल्क १० रुपये असून माहिती सर्वसाधारणपणे ३० दिवसांत मिळायला हवी. महाराष्ट्राच्या नियमांप्रमाणे एका अर्जात एकच विषय आणि तोही १५० शब्दांच्या आत मांडावा लागतो, हे लक्षात ठेवावे. मिळालेले उत्तर त्यांच्याच ब्लॉगखाली नोंदवावे, म्हणजे इतरांनाही त्याचा उपयोग होईल.

प्रश्न : एका लोकप्रतिनिधीच्या पानावर मी सांडपाण्याबद्दल सभ्य भाषेत टीका केली. प्रतिक्रिया काढून टाकण्यात आली आणि मला ब्लॉकही केले. हे कायद्याला धरून आहे का? (एक वाचक, कोपरखैरणे, नवी मुंबई)

उत्तर : टीका राहू द्यावी अशी लोकप्रतिनिधींवर सक्ती करणारी स्पष्ट तरतूद आपल्याकडे कोणत्याही कायद्यात नाही. अमेरिकेत मात्र हाच प्रश्न सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. मिशिगन राज्यातील पोर्ट ह्युरॉन शहराच्या व्यवस्थापकाने फेसबुकवरील टीका काढून टाकली होती. मार्च २०२४ मध्ये न्यायालयाने एकमताने दोन कसोट्या सांगितल्या : त्या व्यक्तीला शासनाच्या वतीने बोलण्याचा प्रत्यक्ष अधिकार होता का, आणि त्या मजकुरात ती हा अधिकार वापरत असल्याचे दिसते का. हा निर्णय येथे बंधनकारक नाही, परंतु कसोटी विचारात घेण्याजोगी आहे. जे पान एरवी पाणीकपातीच्या वेळा आणि सरकारी शिबिरांच्या सूचना देते, ते टीका आली की अचानक खासगी कसे होते, हा प्रश्न आपण अवश्य विचारावा.

आणि विचारताना बिचकू नये. नोव्हेंबर २०१२ मध्ये, तेव्हा ठाणे जिल्ह्यातच असलेल्या पालघरमध्ये फेसबुकवरील मजकुरावरून दोन तरुणींना अटक झाली होती. त्या घटनेनंतर दाखल झालेल्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ रोजी ऑनलाइन आक्षेपार्ह मजकुरासाठी शिक्षा ठरवणारे माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६६अ रद्द केले. बदनामीचा कायदा अर्थातच आजही लागू आहे. त्यामुळे टीका कामावर असावी, व्यक्तीच्या चारित्र्यावर नसावी.

मात्र प्रतिक्रिया म्हणजे तक्रार नव्हे. आपल्या सांडपाण्याची तक्रार विभाग कार्यालयात लेखी द्यावी आणि शिक्का मारलेली पोच घ्यावी. ती पोच कोणीही ‘डिलीट’ करू शकत नाही.

प्रश्न : मी प्रथमच नगरसेविका झाले आहे. मराठीत ब्लॉग लिहावा अशी इच्छा आहे, परंतु नेमके काय लिहावे हे उमगत नाही. (ठाणे)

उत्तर : ताई, आपण हा प्रश्न विचारलात याचाच आनंद वाटला. महासभेची विषयपत्रिका आपल्या हाती येते, तेव्हापासूनच लिहिण्याजोगे पुष्कळ असते. सभेपूर्वी प्रभागाशी संबंधित विषय सोप्या भाषेत मांडावेत आणि सभेनंतर आपण काय बोललात, कोणत्या बाजूला मत दिलेत आणि का दिलेत, ते सांगावे. आपल्या निधीतून कोणती कामे सुचवली, त्यांतील कोणती नाकारली गेली, हेही लिहावे. एखादे काम होणार नसेल, तर ‘हे होणार नाही आणि त्याचे कारण असे’ इतके सरळ लिहिण्याचे धैर्य दाखवावे. लोकांना नकार सहन होतो, झुलवत ठेवणे सहन होत नाही. तक्रार करणाऱ्यांची नावे आणि मोबाइल क्रमांक मात्र कधीही प्रसिद्ध करू नयेत.

हे लेखन एजन्सीकडे सोपवू नये, अशी आमची आग्रहाची विनंती आहे. शुद्धलेखन दुसऱ्या कोणी तपासले तरी चालेल, पण विचार आणि शब्द आपलेच असावेत. शिवाय येऊरच्या पाड्यांतील वा वस्तीतील ज्या बाया ब्लॉग उघडणार नाहीत, त्यांच्यासाठी त्याच मजकुराची छापील प्रत फलकावर लावावी. आणि ब्लॉग आहे म्हणून प्रत्यक्ष भेट टाळू नये. महाराष्ट्राने २००९ मध्ये कायद्यात दुरुस्ती करून नागरिकांच्या क्षेत्रसभेची तरतूद केली, ती बहुतांशी कागदावरच राहिली. आपण ती भरवून तिचा वृत्तांत ब्लॉगवर दिलात, तर प्रभागातील लोकांना पुष्कळ काही मिळेल.

प्रश्न : निवडणुकीच्या काळात उमेदवारांच्या ब्लॉगवर बंधने असतात का? (एक ज्येष्ठ वाचक, वाशी)

उत्तर : असतात. भारत निवडणूक आयोगाने २५ ऑक्टोबर २०१३ रोजी समाजमाध्यमांबाबत सूचना काढल्या. त्यांनुसार लोकसभा आणि विधानसभेच्या उमेदवाराला आपल्या खात्यांची माहिती प्रतिज्ञापत्रात द्यावी लागते आणि समाजमाध्यमांवरील प्रचाराचा खर्च, त्यासाठी नेमलेल्या माणसांच्या पगारासह, निवडणूक खर्चात दाखवावा लागतो. पैसे देऊन केलेल्या राजकीय जाहिरातीला पूर्वप्रमाणन, म्हणजे प्रसिद्धीपूर्वी मंजुरी, लागते. स्वतःच्या ब्लॉगवर लिहिलेल्या मजकुराला लागत नाही, पण आचारसंहिता त्यालाही लागू असते. महापालिकांच्या निवडणुका राज्य निवडणूक आयोग घेतो आणि त्यांची आचारसंहिताही तोच जाहीर करतो, त्यामुळे नवी मुंबईतील तक्रार संबंधित निवडणूक निर्णय अधिकाऱ्याकडे, त्या मजकुराची तारखेसह छापील प्रत जोडून द्यावी.