हेडफोन काढा, छपरीत बसा

पत्र: ताई, मी ४४ वर्षांचा. ब्रह्मपुरीजवळच्या खेड्यात धानाची शेती करतो. पियानोचं वेड लहानपणापासून, पण घेता आला तीन वर्षांपूर्वी, तोही डिजिटल. रात्री हेडफोन लावून वाजवतो, नागपूरच्या सरांकडं ऑनलाइन शिकतो. दिवाळीआधी सरांनी विद्यार्थ्यांचा कार्यक्रम ठेवला. माझ्याआधी दहा-दहा वर्षांची पोट्टी वाजवून गेली. माझे हात गार पडले, पाचव्या ओळीत सगळं पुसलं गेलं, मी उठून निघून आलो. तेव्हापासून पियानोवर चादर आहे. मित्र म्हणतो, धडधड थांबवायची गोळी मिळते. का करू जी? सोडून देऊ?

भाऊ,

तुमच्या पत्रात मला खटकला तो हेडफोन. तीन वर्षं वाजवताय आणि तुमच्या आईनं, घरच्यांनी, शेजाऱ्यानं त्यातला एक सूर ऐकलेला नाही. पहिल्यांदा ऐकलं ते थेट नागपुरातल्या अनोळखी लोकांनी. गावच्या बोडीत कधी हातपाय न मारता पुरातल्या वैनगंगेत उडी घेतलीत तुम्ही.

हात गार पडले तो तुमचा कच्चेपणा नव्हे. घाबरलं की अंगात अ‍ॅड्रेनलिन उसळतं, बोटांतलं रक्त कमी होतं. पेटीवाल्याचंही असंच होतं, फक्त त्याची थरथर बरीचशी झाकली जाते, कारण पेटीचा आवाज भात्याच्या हवेवर लहानमोठा होतो. पियानोत बोटाच्या जोरानं हातोडी तारेवर पडते, आणि तुमचं डिजिटल वाद्यही बोटाचा तोच जोर ओळखतं. बोट कापलं की सूर कापतो. इतक्या उघड्या वाद्यावर पहिल्याच दिवशी एकटे बसलात, याचं मला कौतुक वाटतं.

मी अडतिसाव्या वर्षी भजनात पेटी धरली. पहिल्या गुरुवारी पट्टी चुकली. शेजारच्या म्हाताऱ्या टाळकऱ्यानं माझ्याकडं पाहिलंही नाही, आवाज चढवला आणि पुढची ओळ उचलली. सगळे त्याच्यामागे गेले, मीही गेले. भजन कुणाच्या चुकीसाठी थांबत नाही, हे मला त्या रात्री कळलं. तुम्हाला असा टाळकरी मिळालाच नाही, म्हणून चूक झाल्यावर उठण्याशिवाय काही सुचलं नाही.

तर आधी आईला छपरीत खाटेवर बसवा आणि हेडफोनची वायर काढून वाजवा. आठ दिवसांनी शेजारच्या काकाजींना चहाला बोलवा. मग गावात गुरुदेव सेवा मंडळाची सामुदायिक प्रार्थना होत असेल तिथं जा, पेटीवाल्याजवळ बसा, एखाद्या भजनाला साथ द्या. पियानोच्या पट्ट्या आणि पेटीच्या पट्ट्या एकाच क्रमानं असतात, उजवा हात लगेच रुळेल. तिथं चुका होऊ द्या, भरपूर होऊ द्या.

सरांची रचना घेताना तिच्यात चार-पाच ठिकाणी खुणा करा आणि प्रत्येक खुणेपासून सुरुवात करायचा सराव ठेवा. मधे पुसलं गेलं तर पुढची खूण गाठायची, मागं वळायचं नाही. कधी अंगणात दोन फेऱ्या धावून या आणि छाती धडधडत असतानाच बसा. त्या धडधडीत वाजवायची बोटांना सवय हवी.

गोळीचं म्हणाल तर ती डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नका. मित्र बहुधा प्रोप्रानोलॉल म्हणतोय. दमा असलेल्याला ती धोक्याची ठरू शकते.

आणि त्या पोट्ट्यांशी तुलना नको. शोपँसारखा पियानोवादकही गर्दीला बिचकायचा. आयुष्याच्या शेवटच्या १८ वर्षांत त्यानं जाहीर कार्यक्रम केले जेमतेम ३०. त्याला आवडायचं ते मित्रांच्या बैठकीत वाजवणं. नागपूरचा मंच तुम्हाला पुन्हा हवा की नको, हे आत्ता ठरवूच नका. सरांना मात्र फोन करा. तुम्ही उठून आलात तेव्हापासून तेही काळजीत असतील.

आता मंडईचे, म्हणजे आपल्याकडच्या दिवाळीनंतरच्या जत्रेचे दिवस आहेत, घरी पाव्हणे येतीलच. रात्री नाटकाला निघण्याआधी, जेवणं झाल्यावर, त्यांच्यासमोर दोन पानं वाजवा. खाटेवर कोण कोण बसलं होतं ते मला लिहा.

तुमची ताई